हाताशी 168 सेकंद: एकात्मिक हवाई संरक्षण चालतं कसं आणि ते शिकवतात कुठे

जमिनीपासून 50 मीटर उंचीवरून, ताशी 900 किलोमीटर वेगाने एक क्रूझ क्षेपणास्त्र येतंय. रडारचा अँटेना 10 मीटर उंच खांबावर बसवलाय. मध्ये डोंगर नाही, झाडी नाही, हवाही स्वच्छ आहे. तरीसुद्धा ते क्षेपणास्त्र साधारण 42 किलोमीटरवर येईपर्यंत या रडारला दिसणारच नाही, कारण पृथ्वी गोल आहे आणि रडारच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पुढचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 250 मीटर या वेगाने 42 किलोमीटर कापायला लागतात 168 सेकंद.

एवढ्या वेळात काय काय उरकायचं, ते पाहा. पडद्यावर उमटलेला ठिपका खरा आहे की पक्ष्यांचा थवा, याची खात्री करायची. त्याची दिशा, उंची आणि वेग काढायचा. तो आपला, परका की प्रवासी विमानाचा, हे ठरवायचं. कुणी मारायचं ते ठरवायचं, परवानगी घ्यायची आणि मग आपलं क्षेपणास्त्र सोडायचं. त्यालाही तिथवर पोचायला वेळ लागतोच. पहिला नेम हुकला तर दुसरा धरता यावा असं वाटत असेल, तर निर्णयासाठी मिनिट-सव्वा मिनिट उरतं. हल्ल्यात एकच क्षेपणास्त्र असेल, असंही नाही. एप्रिल 2024 मध्ये इराणने इस्रायलवर एका रात्रीत तीनशेहून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली होती. सगळ्यांचे वेग वेगळे, उंच्या वेगळ्या आणि वाटाही वेगळ्या.

हवाई संरक्षणाची बातमी आली की आपल्याकडे चर्चा होते ती क्षेपणास्त्राच्या पल्ल्याची. चारशे किलोमीटर की दोनशे? पल्ला महत्त्वाचा आहेच. पण या क्षेत्रातल्या मोठ्या चुकांचे चौकशी अहवाल चाळले की क्षेपणास्त्र उडालंच नाही किंवा पोचलंच नाही, अशी उदाहरणं फार सापडत नाहीत. घोळ झालेला दिसतो तो जोडणीत. एका यंत्राला माहीत होतं ते दुसऱ्याला कळलं नाही, किंवा चुकीचं कळलं. म्हणून हा लेख त्या जोडणीबद्दल आहे, आणि ती घोटून घेतली जाते त्या मोकळ्या, ओसाड मैदानांबद्दलही.

आधी रचना समजून घेऊ. एकच शस्त्र सगळ्या धोक्यांना पुरत नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन तिथून प्रचंड वेगाने खाली येतं. त्याच्यासाठी थाडसारखी प्रणाली लागते, जी खूप उंचावर थेट धडक देऊन ते फोडते. विमानं, क्रूझ क्षेपणास्त्रं आणि कमी पल्ल्याची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं यांच्यासाठी अमेरिकेच्या पेट्रियट किंवा रशियाच्या एस-400 च्या जातीच्या प्रणाली असतात. त्याखाली लहान पल्ल्याची क्षेपणास्त्रं, आणि अगदी शेवटच्या थरात तोफा, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं, अलीकडे लेसर आणि ड्रोनचे रेडिओ संकेत बुजवणारे जॅमर. एकाच्या हातून निसटलेलं दुसऱ्याने टिपायचं, अशी ही थरांची मांडणी असते.

थर एकमेकांवर नुसते रचून मात्र भागत नाही. प्रत्येक बॅटरी, म्हणजे रडार, लाँचर आणि ती चालवणारी माणसं यांची एक तुकडी, स्वतःच्याच रडारवर अवलंबून राहिली, तर एकाच लक्ष्यावर चार जण मारा करतात आणि शेजारून जाणारं दुसरं कुणालाच आठवत नाही. एकात्मिक प्रणालीत सगळी रडारं, विमानांतले आणि जहाजांवरचे संवेदक आपापली माहिती एका जाळ्यात टाकतात. त्यातून आकाशाचं एकच सामायिक चित्र तयार होतं. कुठल्याही रडारने पाहिलेल्या लक्ष्यावर, सर्वांत सोयीच्या जागी उभ्या असलेल्या लाँचरने मारा करायचा. मग वर सांगितलेली 168 सेकंदांची मर्यादाही सैल होते. नऊ किलोमीटर उंचीवरून घिरट्या घालणाऱ्या टेहळणी विमानाला तेच क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटर आधी दिसू शकतं.

ही कल्पना जुनी आहे. 1940 मध्ये ब्रिटनच्या फायटर कमांडने, म्हणजे हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाने, ह्यू डाउडिंग यांच्या नेतृत्वाखाली हेच केलं होतं. किनाऱ्यावरच्या चेन होम रडारांची आणि आत देशभर पसरलेल्या निरीक्षकांची माहिती टेलिफोनने यायची. रडारकडून येणारी माहिती बेंटली प्रायरी इथल्या मुख्यालयातल्या खोलीत गाळून, जुळवून घेतली जायची आणि मग मोठ्या नकाशावर सोंगट्या सरकवून चित्र उभं राहायचं. त्यावरून कोणत्या तुकडीने उड्डाण करायचं ते ठरायचं. आज टेलिफोनच्या जागी यंत्रांना आपसांत थेट माहिती पाठवू देणारी डेटा लिंक आली आणि सोंगट्यांच्या जागी संगणक, पण कामाचा क्रम जवळपास तोच राहिला.

आणि चुकांचा प्रकारही. दुसरं महायुद्ध सुरू होऊन ब्रिटन त्यात उतरल्याला तीन दिवस झाले नव्हते तोच, 6 सप्टेंबर 1939 रोजी, एका चुकीच्या इशाऱ्यावरून ब्रिटिश विमानं हवेत झेपावली आणि त्यांच्यातल्याच स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली. एक वैमानिक मेला. फायटर कमांडचा या युद्धात मरण पावलेला तो पहिला वैमानिक. जर्मन विमान एकही आलेलं नव्हतं.

जोडणी एवढी अवघड का, हे कळायला एक साधा हिशेब करू. दोन रडारं एकाच विमानाकडे पाहताहेत. एकाची उत्तर दिशा अर्ध्या अंशाने चुकलेली आहे. शंभर किलोमीटर अंतरावर अर्धा अंश म्हणजे जवळपास 870 मीटर. आता सामायिक चित्रात दोन ठिपके दिसतात. ही दोन विमानं म्हणायची की एकच? एक धरलं आणि खरोखर दोन असली, तर एक निसटलं. दोन धरली आणि खरी एकच असली, तर एक क्षेपणास्त्र वाया. म्हणून रडार नव्या जागी मांडलं की सगळ्यात आधी त्याची दिशा पक्की करावी लागते. जानेवारी 2020 मध्ये तेहरानहून निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्या हवाई संरक्षण दलाने पाडलं आणि 176 माणसं गेली. इराणच्या अहवालानुसार त्या युनिटची जागा बदलल्यावर त्याची दिशा नीट जुळवली गेली नव्हती आणि फरक 107 अंशांचा होता. विमानतळावरून वर चढणारं विमान त्या पडद्यावर भलत्याच दिशेने येताना दिसत होतं. युनिटचा समन्वय केंद्राशी संपर्कही झाला नव्हता. कॅनडासह इतर देशांना हे स्पष्टीकरण पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे: दिशा चुकू शकते, हे गृहीत धरून वरचे अडसर उभे असायला हवे होते.

दिशेसारखीच वेळ. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि 28 सैनिक मेले. पेट्रियटची बॅटरी तिथे चालू होती, पण तिने एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही. संगणक वेळ दशांश सेकंदांत मोजत होता. एक दशांश ही संख्या संगणकाच्या 0 आणि 1 च्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, शेपूट कुठेतरी कापावंच लागतं. ती चूक सेकंदाच्या कोट्यंशांएवढी, पण बॅटरी शंभर तासांहून जास्त वेळ बंद न करता चालवली होती. साठत साठत फरक एक तृतीयांश सेकंदावर गेला. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येतं, त्यामुळे पेट्रियट त्याला आकाशाच्या अर्धा किलोमीटरहून जास्त चुकलेल्या तुकड्यात शोधत राहिलं. तिथे काही नव्हतं, म्हणून संगणकाने आधी दिसलेला ठिपका खोटा ठरवून सोडून दिला.

या प्रकरणातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट संगणकाच्या बाहेरची आहे. सलग चालवल्याने अचूकता घसरते, हे इस्रायली सैन्याने दोन आठवडे आधीच कळवलं होतं. वापरणाऱ्यांना संदेशही गेला की ‘फार वेळ’ चालवल्यास अडचण येऊ शकते. फार वेळ म्हणजे किती तास, ते मात्र कुणी लिहिलं नाही. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायला मिनिट-दीड मिनिट लागलं असतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं 26 फेब्रुवारीला.

आता सर्वांत अवघड भाग: हा ठिपका कुणाचा? लष्करी विमानांत सांकेतिक उत्तर देणारं यंत्र असतं. जमिनीवरून प्रश्न जातो, विमानातून उत्तर येतं आणि उत्तर बरोबर असेल तर विमान मित्राचं. पण उत्तर आलं नाही, तर विमान शत्रूचं असेलच असं नाही. यंत्र बिघडलेलं असू शकतं, संकेत जुना असू शकतो, ते बंद केलेलं असू शकतं. म्हणून बाकीचा पुरावा जमवतात. विमान ठरलेल्या हवाई मार्गावर आहे का? वेग कसा आहे? उठलं कुठून? यावर वरून ठरवून दिलेली अवस्था असते. ‘होल्ड’ असेल तर आदेश किंवा स्वसंरक्षणाशिवाय मारा नाही. ‘टाइट’ असेल तर शत्रू म्हणून खात्री पटलेल्यावरच. ‘फ्री’ असेल तर मित्र म्हणून ओळख न पटलेल्या कशावरही. हे तीन शब्द बॅटरीवरच्या प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी आठवले पाहिजेत.

माहिती जोडल्याने आपोआप शहाणपण येत नाही, हे 3 जुलै 1988 च्या घटनेतून दिसलं. अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराण एअरचं 655 क्रमांकाचं प्रवासी विमान पाडलं आणि 290 जण ठार झाले. त्या काळची सर्वांत प्रगत एजिस प्रणाली नौकेवर होती. विमान वर चढत होतं आणि प्रणालीने तशीच नोंदही केली होती. नियंत्रण कक्षातली माणसं मात्र ते खाली झेपावतंय असं सांगत राहिली. नंतरच्या विश्लेषणांत एक दुवा पुढे आला. शेजारच्या नौकेशी माहिती जुळवताना या विमानाचा ट्रॅक क्रमांक, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याला दिलेला ओळख क्रमांक, आपोआप बदलला आणि जुना क्रमांक दूरवरच्या दुसऱ्याच, उतरणाऱ्या विमानाला मिळाला. जुना क्रमांक विचारणाऱ्याला ‘उतरतंय’ हेच उत्तर मिळणार होतं.

मार्च 2003 मध्ये इराक युद्धात पेट्रियटने ब्रिटनचं टॉर्नेडो विमान पाडलं आणि दोघं मेले. इथे गोष्ट उलटी होती. त्या बॅटरीची संपर्क सामग्री अजून पोचलीच नव्हती, त्यामुळे ती जाळ्याबाहेर एकटी काम करत होती. विमानाच्या ओळख-यंत्राचं उत्तर मिळालं नाही आणि संगणकाने त्याला रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं. ब्रिटिश चौकशी मंडळाने चूक केवळ यंत्राच्या माथी मारली नाही. बॅटरीवरच्या माणसांना झटपट प्रतिसाद द्यायला आणि प्रणालीवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, खोटा इशारा कसा ओळखायचा यावर मात्र प्रशिक्षणात पुरेसा भर नव्हता, असं मंडळाने नोंदवलं. माझ्या मते या विषयावर लिहिलं गेलेलं हे सर्वांत मोलाचं निरीक्षण आहे. आणि इथूनच आपण सराव-क्षेत्रांकडे वळतो.

सराव-क्षेत्र किंवा फायरिंग रेंज म्हणजे राखून ठेवलेली जमीन किंवा समुद्र, त्यावरचं आकाश, आणि जे घडतंय ते मोजणाऱ्या यंत्रांचं जाळं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधलं व्हाइट सँड्स साधारण 8,300 चौरस किलोमीटरचं आहे. चाचणीच्या वेळी तिथून जाणारा महामार्ग थोडा वेळ बंद ठेवतात. ऑस्ट्रेलियातलं वूमेरा सव्वा लाख चौरस किलोमीटरच्या घरात जातं. क्रीट बेटावर नाटोचं क्षेत्र आहे, स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांवर समुद्राकडे तोंड करून आणखी एक आहे, आणि भारतात ओडिशाच्या किनाऱ्यावर चांदीपूर. प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन प्रवाळबेटाकडे कॅलिफोर्नियातून सोडलेली लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं येऊन पडतात.

एवढी जागा कशाला? कारण हिशेब फक्त यशस्वी माऱ्याचा नसतो. क्षेपणास्त्र चुकलं, मध्येच फुटलं, भरकटलं तर तुकडे कुठवर जातील, त्याचा नकाशा आधी काढतात आणि तेवढा सगळा पट्टा माणसांपासून मोकळा ठेवावा लागतो. वैमानिकांना आणि जहाजांना आधीच सूचना जातात. सकाळी विमानं, हेलिकॉप्टर आणि रडार समुद्र चाळतात. एखादी मासेमारी होडी आत राहिली असेल तर उड्डाणाची उलटी मोजणी थांबते, मग नियंत्रण कक्षात कितीही मोठे अधिकारी ताटकळत बसलेले असोत. लक्ष्य म्हणून वैमानिकविरहित छोटं जेट सोडतात. ते खऱ्या शत्रूपेक्षा लहान असेल तर त्यात रडारच्या लहरी जोरात परतवणारी भिंगं बसवतात, म्हणजे पडद्यावर ते मोठं दिसतं. डागायच्या क्षेपणास्त्रात बऱ्याचदा स्फोटकाच्या जागी मोजमापाची उपकरणं असतात, कारण ते लक्ष्याच्या किती मीटर जवळून गेलं आणि शेवटच्या क्षणी कसं वळलं ही माहिती स्फोटाच्या ज्वालेपेक्षा फार मोलाची असते. आणि एक अधिकारी असतो, ज्याचं काम एवढंच: नकाशावर आखलेली रेषा क्षेपणास्त्राने ओलांडायच्या आत ते नष्ट करण्याचा संकेत पाठवायचा. प्रयोग फुकट गेला तरी चालेल, पण रेषा ओलांडली जाता कामा नये.

ही शिस्त सुटली तर काय होतं, ते 4 ऑक्टोबर 2001 रोजी काळ्या समुद्रावर दिसलं. क्रिमियाच्या किनाऱ्यावर युक्रेनच्या हवाई संरक्षण दलाचा सराव चालू होता. तेल अवीवहून नोवोसिबिर्स्ककडे निघालेलं सायबेरिया एअरलाइन्सचं तू-154 विमान दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, अकरा हजार मीटरवर होतं. सरावासाठी सोडलेलं ड्रोन एस-300 या प्रणालीने पाडलं. त्याच ड्रोनवर एस-200 या लांब पल्ल्याच्या प्रणालीचंही क्षेपणास्त्र गेलं होतं. हे क्षेपणास्त्र जमिनीवरच्या रडारने उजळवलेल्या वस्तूकडे जातं. जवळचं लक्ष्य नाहीसं झालं आणि त्याच रोखाने पलीकडे, त्याच्या लांब पल्ल्याच्या आत, एक मोठं विमान होतं. सगळे 78 जण गेले. माजी सोव्हिएत देशांच्या आंतरराज्य विमानवाहतूक समितीच्या तपासाने हाच निष्कर्ष काढला. युक्रेनने कायदेशीर जबाबदारी मात्र मान्य केली नाही. सरावासाठी राखलेला पट्टा शस्त्राच्या पल्ल्यापेक्षा तोकडा होता, आणि त्या दिवशी तेवढंच पुरलं.

रिकाम्या भासणाऱ्या या जागा खरोखर रिकाम्या क्वचितच असतात. क्वाजालीनमधल्या मार्शल बेटवासीयांना चाचण्यांसाठी हलवून इबाय नावाच्या, अर्धा चौरस किलोमीटरही नसलेल्या बेटावर वसवलं आणि आज तिथे हजारो माणसं दाटीने राहतात. वूमेराची जमीन मूळ रहिवाशांची आहे. चांदीपूरच्या आसपासच्या गावकऱ्यांना चाचणीच्या दिवशी भरपाई देऊन थोड्या वेळासाठी हलवतात, आणि ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात त्या महिन्यांत जवळच्या बेटावरच्या चाचण्या थांबवल्या गेल्याचंही घडलं आहे. संरक्षणाची किंमत मोजताना ही माणसं त्या हिशेबात यायलाच हवीत. बहुतेक वेळा ती येत नाहीत.

खऱ्या माऱ्याला मर्यादाही आहेत. पेट्रियटच्या नव्या क्षेपणास्त्राची किंमत काही दशलक्ष डॉलर आहे, त्यामुळे प्रत्येक चमूला वर्षाला दहा-वीस सोडू देणं कुठल्याच देशाला परवडत नाही. शिवाय खुल्या रेंजवर रडार ज्या पद्धतीने काम करतं, ते दुरून त्याच्या लहरी टिपणाऱ्यांनाही कळतं. उपग्रह-दिशादर्शनाचे संकेत जॅम करून, म्हणजे बुजवून, पाहायचं म्हटलं तर आसपासच्या विमानवाहतुकीचा घोटाळा होतो. म्हणून आता सराव मिश्र असतो. आकाशात एक खरं लक्ष्य, दुसऱ्या शहरातल्या सिम्युलेटरमध्ये बसलेल्या वैमानिकाचं विमान, आणि संगणकाने तयार केलेले शंभर ठिपके. पडद्यासमोर बसलेल्याला तिन्ही सारखेच दिसतात. जुलै 2021 मध्ये व्हाइट सँड्सवर अमेरिकी लष्कराने आयबीसीएस या नव्या जोडणी प्रणालीची चाचणी घेतली, तेव्हा एक ड्रोन मुद्दाम रडारांना जॅम करत होतं आणि तेवढ्यात दुसऱ्याला पाडायचं होतं. अशा चाचण्या मला एकट्यादुकट्या नेमापेक्षा कितीतरी जास्त विश्वासार्ह वाटतात.

स्वस्त ड्रोनांनी या सगळ्याला नवं वळण दिलंय. काही दशलक्षांच्या क्षेपणास्त्राने काही हजारांचं ड्रोन पाडत राहिलं तर भांडार आधी कुणाचं संपेल, हे सांगायला नको. म्हणून प्रणालीने काय सोडून द्यायचं, हेही शिकावं लागतं. इस्रायलचं आयर्न डोम मोकळ्या जागी पडणारी रॉकेटं मुद्दाम जाऊ देतं. पण सतत धोक्याखाली बसलेल्या माणसाला ‘जाऊ दे’ म्हणायला फार सराव लागतो. डिसेंबर 2024 मध्ये तांबड्या समुद्रात अमेरिकेच्याच गेटिसबर्ग या नौकेने आपलंच एफ-18 पाडलं. दोघं वैमानिक बाहेर उडी मारून वाचले. आधुनिक सामग्री असूनही हे घडलं.

म्हणून यापुढे ‘हवाई संरक्षण प्रणालीची चाचणी यशस्वी’ अशी बातमी वाचाल, तेव्हा पल्ल्याच्या आकड्यापाशी थांबू नका. लक्ष्य किती होती, एक की अनेक? ती कधी आणि कुठून येणार हे चमूला आधी माहीत होतं का? कुणी जॅमिंग केलं का? एका रडारने पाहिलं आणि दुसऱ्याच लाँचरने मारलं, असं झालं का? आणि त्या पडद्यावर प्रवासी विमानांचे, आपल्या विमानांचे किती ठिपके होते, ज्यांना कुणी हात लावला नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रसिद्धीपत्रकात जवळपास कधीच नसतं.